वाचकांचे प्रश्न : अक्षरं हातात, शब्द सापडेना

प्रश्न : ताई, सुट्टीत भाचे कंपनी आली की आमच्याकडे स्क्रॅबल (अक्षरं जोडून इंग्लिश शब्द करायचा खेळ) चालतं. मी मराठी मिडीयमची, पण इंग्लिश वाचते बऱ्यापैकी, तरी सात अक्षरं समोर आली की डोकं बंदच पडतं आणि मी आपली 'कॅट' नि 'रन' लावत बसते. काही ट्रिक आहे का? (नाशिक)

उत्तर : मिडीयमला कशाला बोल लावता, सात वेगवेगळी अक्षरं ५०४० प्रकारे मांडता येतात, ती नुसती बघून डोक्यात कोण फिरवणार. म्हणून हात चालवायचा, अक्षरं सरकवायची. आधी शेपट्या बाजूला काढा म्हणजे आयएनजी, ईडी, ईआर, ईएसटी असं काही जमतंय का बघा, मग सुरुवातीला लागणारे आरई, यूएन. समजा तुमच्याकडे जी, ए, आर, टी, ई, आय, एन आलेत. आयएनजी काढलं की टी-ई-ए-आर उरतं, म्हणजे टेअरिंग झालंच की! आणि त्याच सात अक्षरांत ग्रॅनाइट पण आहे आणि इनग्रेट पण. सातही एकदम लावली की वरचे ५० पॉइंट मिळतात ते वेगळेच.

दुसरं, आणि हे आपल्या लोकांना जास्त नडतं, आपण शब्द कानाने शोधतो. लिसनमधला टी ऐकूच येत नाही, त्यामुळे लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सल हे चारही त्याच सहा अक्षरांचे आहेत हे पटकन ध्यानातच येत नाही. उपाय काय, तर अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावायची : ई, आय, एल, एन, एस, टी. चारही शब्दांची रांग एकच निघते. टूर्नामेंटवाले याला अल्फाग्राम म्हणतात आणि अशा रांगाच्या रांगा पाठ करतात (आपण एवढं नको करूया, भाचे पळून जातील).

त्यापेक्षा एक 'रेटिना' तेवढा पाठ करा. त्यात एक सी घाला, सर्टन होतं. पी घातला की पेंटर, एल घातला की लॅट्रिन, एच घातला की हेअरनेट, के घातला की केराटिन, आर घातला की ट्रेनर, एस घातला की नॅस्टियर. यू घातल्यावर काय होतं ते भाच्यांनाच शोधू द्या, दिवसभर हसतील.

प्रश्न : क्यू आला आणि यू नसला तर काय करायचं? माझा क्यू नेहमी शेवटपर्यंत हातातच राहतो. (सोलापूर)

उत्तर : क्यू-आय. दोनच अक्षरं, चिनी लोकांची ती जीवनशक्ती का काय ती, 'ची' म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवला तरी निम्मी चिंता गेली, कारण आय सेटमध्ये ९ आहेत. मग क्यू-ए-टी, येमेनकडे चघळतात तो पाला. आणि गंमत म्हणजे यू नसलेले बरेचसे शब्द आपल्या ओळखीचेच निघतात, फकीर, काझी (पण स्पेलिंग क्यू-ए-डी-आय), तलाक, कव्वाली, हे सगळे क्यूने लिहिलेले कॉलिन्स डिक्शनरीच्या स्क्रॅबल शब्दयादीत चालतात. तसंच हातात एच जास्त झाले तर घी, ढाल (म्हणजे डाळ हो), धोती, लाख आठवायचं.

फक्त खेळ सुरू करायच्या आधीच कुठली यादी ते ठरवून टाका, कारण भारतात, ब्रिटनमध्ये स्पर्धांना कॉलिन्स चालते, अमेरिका-कॅनडात वेगळी यादी आहे, आणि अमेरिकेहून आलेला पुतण्या भांडत बसला की डाव तिथेच संपतो. आणि एस उगाच खर्च करू नका, सगळ्या १०० टाइल्समध्ये तो फक्त ४ वेळा आहे. हा गेम काढणारे आल्फ्रेड बट्स मूळचे आर्किटेक्ट, मंदीत काम गेलं तेव्हा पेपरातली अक्षरं मोजत बसले आणि त्यावरून कुठलं अक्षर किती ते ठरवलं, पण एस मुद्दाम कमी ठेवला, नाहीतर प्रत्येकजण नुसती अनेकवचनं करत सुटला असता.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. ओ-यू-जी-एच असलेले शब्द मुलांसाठी हवे होते, मोबाइलवरच्या एआयला विचारलं तर त्याने अर्धे भलतेच दिले. खात्रीने कसे शोधायचे? (कोल्हापूर)

उत्तर : एआयकडून ही अपेक्षाच चुकीची आहे. ते अक्षरं एकेक करून बघतच नाही, शब्दांचे तुकडे करून वाचतं, म्हणून तर स्ट्रॉबेरीत आर किती हे सांगतानाही ते गडबडायचं. अशा कामाला साधी शब्दयादी आणि फिल्टर बरं.

पण आधी ठरवा काय हवंय. अक्षरं सलग हवीत, का कुठेही विखुरलेली चालतील, का फक्त तेवढीच अक्षरं वापरायचीत? तिन्ही शोध वेगळे आहेत आणि लोक इथेच घोळ घालतात. तुम्हाला सलग हवीत, तर वनलुक या शब्द शोधायच्या साइटवर स्टार (* हे चिन्ह), ओयूजीएच, स्टार असं टाका, झालं काम. विखुरलेली हवी असतील तर एक्सेलमध्ये एका कॉलमला शब्दयादी चिकटवा आणि फिल्टरमध्ये 'कंटेन्स' घ्या, दोन अक्षरं असतील तर 'अँड' लावून एकदमच होतं, जास्त असतील तर गाळलेली यादी दुसरीकडे पेस्ट करून परत गाळायची. एकच अक्षर दोनदा हवं असेल, समजा पी, तर पी, स्टार, पी असं लिहायचं, नुसतं पी लिहिलं तर एकच पी असलेले पण सगळे येतात.

यादी मिळाली तरी वर्गात खरी मजा पुढेच आहे. दो, थ्रू, टफ, कॉफ, प्लाउ, थॉट, सगळ्यात तीच चार अक्षरं आणि आवाज सहा! हिकपचं एक जुनं स्पेलिंग पण ओयूजीएचने संपतं. जुन्या इंग्लिशमध्ये तिथे घशातून निघणारा, आपल्या ख च्या जवळचा आवाज होता, तो पुढे कुठे गळाला, कुठे फ झाला, स्पेलिंग मात्र तसंच राहिलं. तेव्हा यादी स्पेलिंगने काढा पण मुलांना शिकवताना उच्चाराप्रमाणे गट करा, नाहीतर पोरं 'थॉट'ला 'थफ' म्हणतील.

प्रश्न : मुलीला पाचही व्हॉवेल्स असलेले दहा शब्द आणायला सांगितलेत. (ठाणे)

उत्तर : एज्युकेशन, इक्वेशन, डायलॉग (शेवटी यूई असलेला), कॉलिफ्लॉवर, ऑटोमोबाइल, हाउसमेड, माउंटेनियर, सिकोया, फसीशस. फसीशसमध्ये तर ए, ई, आय, ओ, यू ओळीने येतात. दहावा बिहेवियर, पण ब्रिटिश स्पेलिंगनेच लिहायला सांगा, अमेरिकन स्पेलिंगमध्ये यू नसतो.