‘पदार्पण अल्बम’ की ‘पहिली ध्वनिमुद्रिका’?

बर्ट जान्श या स्कॉटिश गिटारवादकाच्या १९६५ सालच्या ‘बर्ट जान्श’ या अल्बमवर मराठीत लिहिताना ‘डेब्यू अल्बम’साठी ‘पदार्पण अल्बम’ असे म्हणावे का, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते म्हणू नये. दोन नामे नुसती शेजारी ठेवण्याची ही रीत इंग्रजीची असून मराठीत निदान ‘पदार्पणाचा अल्बम’ अशी षष्ठी हवी. पण माझा खरा आक्षेप व्याकरणाचा नसून अर्थाचा आहे.

‘पद’ आणि ‘अर्पण’ मिळून झालेल्या या शब्दाचा अर्थ पाऊल ठेवणे. पाऊल माणूस ठेवतो, आणि ते कुठे ठेवले हेही सांगावे लागते: कसोटी क्रिकेटमध्ये, रंगभूमीवर, राजकारणात. जान्श यांचे संगीतातले पदार्पण या अल्बमच्या कितीतरी आधी झाले होते. एडिनबरोच्या ‘हाउफ’ या क्लबमध्ये ते लोकगीते आणि ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत) वाजवत असत, आणि गिटार घेऊन युरोपात रस्त्यांवर वाजवत हिंडलेही होते. लंडनमधील कॅम्डन भागात ध्वनिमुद्रक बिल लीडर यांच्या घरी, साध्या टेपरेकॉर्डरवर आणि मागून आणलेल्या गिटारवर हे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा जान्श एकविशीचे असले तरी त्यांची शैली घडलेली होती. ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांची ‘अँजी’ ही रचना ते ज्या हक्काने आपल्या वळणावर नेतात, ती ऐकताना नवखेपणाची शंकाही मनात येत नाही. ‘पदार्पण’ या शब्दाने मात्र नेमका तोच नवखेपणा सूचित होतो. म्हणून येथे ‘पहिला’ हे साधे विशेषण अधिक खरे आहे. ‘पहिलावहिला’ हा मला अतिशय आवडणारा शब्द आहे, परंतु त्यात घरच्या माणसाचे कौतुक असते. समीक्षेत तो जपून वापरावा.

आता ‘अल्बम’. लॅटिनमध्ये ‘अल्बुम’ म्हणजे जाहीर सूचना लिहिण्याचा पांढरा फलक. पुढे चित्रे वा छायाचित्रे चिकटवण्याची कोरी वही. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, दर बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे वाजणाऱ्या तबकड्या अशाच वहीसारख्या बांधणीत एकत्र विकल्या जाऊ लागल्या आणि त्या संचाला ‘अल्बम’ म्हणू लागले. १९४८ साली लाँग प्लेइंग, म्हणजे जास्त वेळ वाजणारी, तबकडी आल्यावर बांधणी गेली, नाव उरले. आपली ‘तबकडी’ ही ‘तबक’ या अरबी मूळ असलेल्या शब्दावरून, तर ‘ध्वनिमुद्रिका’ संस्कृतातून घडवलेली. दोन्ही मुख्यत्वे वस्तूची नावे आहेत, संग्रहाची नव्हेत. मात्र ट्रान्सअटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीने १०० पौंडांना विकत घेतलेले हे ध्वनिमुद्रण एकाच लाँग प्लेइंग तबकडीवर निघाल्यामुळे येथे वस्तू आणि संग्रह एकच ठरतात, आणि ‘पहिली ध्वनिमुद्रिका’ हा शब्दप्रयोग चपखल बसतो. ‘पहिला अल्बम’ही चुकीचा नाही.

निवड कोणतीही असो, लिंग सांभाळावे. अल्बमला कलावंताचेच नाव असल्याने ‘बर्ट जान्श १९६५ साली आले’ हे माणसाविषयीचे वाक्य ठरेल. ‘ “बर्ट जान्श” १९६५ साली आला’ म्हटले की अल्बम अभिप्रेत होतो, आणि ‘आली’ म्हटले की ध्वनिमुद्रिका.