जुना लॅपटॉप टाकण्याआधी हे बघ

नवा लॅपटॉप घ्यायची घाई करू नकोस. आधी जुन्यात काय आहे ते बघ. फिरती हार्ड डिस्क असेल, तर मशीन रडतंय ते बहुधा तिच्यामुळेच. तिच्या जागी एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी ड्राइव्ह) बसव. साधी साटा (जोडणीचा जुना प्रकार) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, लॅपटॉपची हार्ड डिस्क शंभर-दीडशेच्या आसपास. पण खरा फरक बारीकसारीक फायली शोधताना पडतो. तिथे डिस्कची सुई इकडून तिकडे धावत बसते.

एम.२ स्लॉट (पट्टीसारखी ड्राइव्ह बसवायची खाच) दिसला म्हणून लगेच एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणीची एसएसडी) मागवू नकोस. एम.२ हा फक्त आकार. काही स्लॉट फक्त साटाच ओळखतात. मी एकदा मॅन्युअल न वाचता मागवली आणि परत पाठवताना नाकी नऊ आले.

आणि हो, १ टीबीच्या ड्राइव्हवर विंडोज ९३१ जीबी दाखवेल. फसवणूक नाही ती, मोजायची पद्धत वेगळी.

नवाच घेणार असशील तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) आहे का, एवढं विचार. असेल तर १६ जीबीच घे, नंतर सहसा वाढवता येत नाही. प्रोसेसरचं नंतर बघू. फोटोंची दुसरी प्रत मात्र आजच वेगळ्या ड्राइव्हवर काढ. एसएसडी जाते तेव्हा बहुतेकदा न सांगता जाते.