लोकर साठतेय? आधी सुईवरचं उतरव

अगं, पिशवीभर लोकर आणि तीन अर्धवट स्वेटर, हे सुरुवातीला बहुतेकींचं होतं. घाबरू नकोस.

रंग आवडला म्हणून एकच गुंडा आणू नकोस; त्यात टोपी होते, स्वेटर नाही. जे विणायचंय त्याची पूर्ण लोकर एकदम घे आणि वेष्टनावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, सगळ्या गुंड्यांवर जुळतोय ना ते बघ. मी नंतर एक गुंडा आणला होता. त्या निळ्या स्वेटरची एक बाही आजही उन्हात वेगळी दिसते.

अर्धवट कामासोबत चिठ्ठी ठेव: सुई १० नंबर, टाके ९६, कितवी ओळ. सुई काढून दुसरीकडे वापरलीस की ते काम रखडलंच.

बाळाचं असेल ते आधी संपव, बाळं भराभर वाढतात. मनातून उतरलेलं सरळ उसव. तिची लडी, म्हणजे सैल वेटोळं, करून धुऊन वाळवलीस की तीच लोकर पुन्हा छान विणता येते.