14 महिन्यांच्या एटीव्हीचं इंजिन बसलं, डीलर म्हणतो "धूळ खाल्ली, वॉरंटी नाही". आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अलिबागजवळच्या नारळ-सुपारीच्या वाडीत माल ओढायला घेतलेली 500 सीसी एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी, हँडलची चार चाकी गाडी), वय 14 महिने, मीटरवर 212 तास, वॉरंटी 2 वर्षांची. आधी ताकद कमी झाली, निळसर धूर यायला लागला, मग चढावर बंद पडली ती पडलीच. डीलरने एअर बॉक्सचं (हवेचा फिल्टर बसतो त्या डब्याचं) झाकण उघडून "धूळ गेली आहे" असं तोंडी सांगितलं आणि इंजिन खोलायला 18,000 रुपये आगाऊ मागितले.

उत्तर:

ते 18,000 आज भरू नका आणि तुम्ही समोर नसताना इंजिन खोलू देऊ नका. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरलं, ऑइल ओतून टाकलं, फिल्टर कचऱ्यात गेला की नंतर कुणालाच काही सिद्ध करता येत नाही, आणि त्यात नुकसान तुमचंच आहे. "बघू चालू होते का" म्हणून स्टार्टरही मारत बसू नका. पिस्टनवरच्या रिंगेचा तुकडा किंवा व्हॉल्व्ह सुटलेला असेल तर दोन-चार फेऱ्यांत बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) नवे ओरखडे पडतात आणि मूळ खूण पुसली जाते.

आता मुद्द्याचं. हळूहळू गेलेली ताकद आणि निळा धूर ही लक्षणं रिंगा झिजल्याचीच आहेत, त्यामुळे धूळ गेली असेल हे डीलरचं म्हणणं खोटं असेलच असं नाही. पण "धूळ गेली" इथे प्रश्न संपत नाही. ती कुठल्या वाटेने गेली, यावर चूक मालकाची, सर्व्हिसवाल्याची की कारखान्याची हे ठरतं, आणि डीलर नेमकं तेवढंच सांगत नाही.

ही वाट इंजिन न खोलता बरीचशी शोधता येते. फिल्टर जागेवर असतानाच फोटो काढा, मग तो बाहेर काढून दोन्ही बाजूंचे. फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागापर्यंत) जो रबरी बूट, म्हणजे जाड नळी, जातो त्याच्या आतून पांढरं सुती कापड फिरवा. बुटाचे क्लॅम्प हाताने हलवून पाहा, बॉक्सच्या तळाची पाणी निघायची नळी आणि तिचं टोपण जागेवर आहे का तेही पाहा. तुमच्याकडची धूळ जांभ्याची, म्हणून लाल रंग कापडावर लगेच दिसेल.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण क्लेम नाकारताना तो सर्रास वापरला जातो: नुसता मळलेला फिल्टर धूळ आत सोडत नाही. कागदी फिल्टर जितका भरतो तितका उलट जास्त बारीक गाळतो. गाडी गुदमरते, ताकद कमी होते, पेट्रोल जास्त लागतं, पण बोअर त्याने घासला जात नाही. धूळ आत जाते ती कागद फाटला असेल, कॉम्प्रेसरच्या जोराच्या हवेने त्याला भोकं पडली असतील, फोम तेल न लावता कोरडाच बसवला असेल किंवा फिल्टर आपल्या खाचेत नीट बसलेलाच नसेल तर. म्हणून फिल्टरच्या कडेची रबरी ओठासारखी पट्टी नीट पाहा. तिच्यावर एकाच जागी धुळीचा पट्टा आतपर्यंत गेलेला असेल तर फिल्टर तिथे वाकडा बसला होता. मग प्रश्न एवढाच उरतो की तो शेवटी कुणी बसवला. शेवटची सर्व्हिस त्याच डीलरकडे झाली असेल तर जॉब कार्डच (केलेल्या कामाची त्यांची नोंद) बोलेल. बूट सगळा स्वच्छ आणि फक्त थ्रॉटल बॉडीच्या तोंडाशी लाली असेल तर फिल्टर निर्दोष आहे आणि हवा सैल क्लॅम्पमधून किंवा चिरलेल्या बुटातून शिरली आहे. त्या क्लॅम्पला तुम्ही कधी हात लावलेला नसेल तर ती जुळणीतली किंवा सर्व्हिसमधली चूक. आणि बूट आतून कोराच निघाला तर धुळीची सगळी कथाच डळमळते.

तसं झालं तर निळ्या धुराचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल: तुटलेली रिंग, फक्त चालू करताना धूर देणारी व्हॉल्व्ह स्टेमची सीलं, किंवा तापून घासलेला पिस्टन. चिखलाने रेडिएटरची जाळी भरली किंवा पंखा फिरला नाही तर पिस्टनवर चार कोपऱ्यांत उभे घासल्याचे डाग उमटतात. धुळीचे ओरखडे वेगळे असतात: सगळीकडे बारीक, मळकट, एकसारखे. टायमिंग चेनचा टेन्शनर गेला असेल तर बंद पडण्याआधी डाव्या-उजव्या एका बाजूने खडखड ऐकू आलेली असते. ओढ्यातून नेताना पाणी शिरलं असेल तर ऑइल दुधाळ दिसतं आणि कनेक्टिंग रॉड वाकलेला निघतो. हे मात्र वॉरंटीत सहसा बसत नाही.

खोलण्याआधी लीक-डाउन चाचणी मागा. नुसत्या कॉम्प्रेशनच्या (सिलिंडरमधल्या दाबाच्या) आकड्यावर विसंबू नका, कारण अशा सिंगल सिलिंडर इंजिनांत सोपं चालू व्हावं म्हणून डीकॉम्प्रेशनची, म्हणजे थोडा दाब सोडून देण्याची, सोय असते आणि आकडा मुळातच कमी येतो. लीक-डाउनमध्ये पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून स्पार्क प्लगच्या भोकातून हवा सोडतात आणि किती टक्के गळते ते मोजतात. 10 टक्क्यांपर्यंत ठीक, 25 च्या पुढे दुखणं नक्की. हवा कुठून फुसफुसते ते कानाने कळतं: ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनलेट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग. अर्ध्या तासाचं काम आहे आणि इंजिन न उघडता निम्मा वाद मिटवतं. क्रँक फिरतच नसेल तर ही चाचणी होणार नाही. मग थेट तुमच्यासमोर खोलणं, एवढाच मार्ग.

ऑइलचा नमुना घ्यायला विसरू नका. ड्रेन बोल्ट काढल्यावर पहिली धार सोडून मधल्या धारेतलं 100 मिली ऑइल दोन स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत घ्या, तारीख-तास लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या करा. एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. ऑइल फिल्टरही ठेवून घ्या. डबीचा असेल तर तो पाइप कटरने कापायचा, हॅकसॉने नाही, नाहीतर करवतीचा लोखंडी कीस आत पडून निष्कर्षच बिघडतो. कीस चुंबकाला चिकटला तर लोखंड किंवा पोलाद, न चिकटणारी चंदेरी चमक बहुधा पिस्टनची, तांबूस-पिवळा कण बेअरिंगचा.

प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये डीलर "सिलिकॉन" या आकड्यावर बोट ठेवेल. नव्या इंजिनात जोडांना लावलेल्या सिलिकॉन सीलंटमधूनही तो आकडा वर जातो, विशेषतः पहिल्या एक-दोन ऑइल बदलांत. सिलिकॉन एकटाच वाढलेला असेल आणि लोखंड-अॅल्युमिनियम नेहमीसारखे असतील, तर ती धूळ म्हणता येत नाही. कोकणात आणखी दोन गुंते आहेत. जांभ्याच्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम मुळातच भरपूर, म्हणून ते आकडे झीज दाखवतात की माती, हे बोअरच्या मापाशी ताडून बघावं लागतं. आणि सोडियम वाढला की "कुलंट गळलं" असं लिहून मोकळे होतात, पण गाडी किनाऱ्यावर फिरली असेल तर तो खारं पाणी शिरल्याचाही असू शकतो. कुलंट असेल तर सोबत पोटॅशियम किंवा बोरॉनही वाढलेला दिसायला हवा.

खोलताना मापं लिहून घ्यायला लावा. बोअर वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. हवेतून धूळ गेली असेल तर झीज वरच्या टोकाला जास्त असते. रिंग बोअरमध्ये ठेवून तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने मोजतात: नव्या इंजिनात साधारण 0.2 ते 0.4 मिमी, खूप धूळ खाल्लेल्यात 1 मिमीच्याही पुढे. कुठलंही माप न घेता "बोअर गेला" एवढं लिहिलेला अहवाल स्वीकारू नका. ईसीयूमधला (इंजिनाच्या कंप्युटरमधला) तास, तापमान आणि फॉल्ट कोडचा प्रिंटआउटही मागून घ्या.

कागदांचं. एटीव्हीची आरटीओकडे सहसा नोंदणी नसते, त्यामुळे बिल, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक आणि तासांचा मीटर हीच तिची ओळख. बिलावरचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळतात का आजच पाहा. डीलरला ईमेल करा आणि चारच गोष्टी मागा: जॉब कार्डची प्रत, कंपनीकडे क्लेम पाठवला असल्यास त्याचा क्रमांक, नकार देताना वॉरंटी पुस्तिकेतलं कुठलं कलम लावलं, आणि काढलेला प्रत्येक भाग तुम्हाला परत किंवा जपून मिळेल याची लेखी हमी. वॉरंटी ही निर्मात्याची किंवा आयातदाराची असते. डीलर क्लेम फक्त पुढे पाठवतो, पण पुष्कळदा न पाठवताच "नाकारला" म्हणून सांगून टाकतो. खोलायचा खर्च कुणाचा, तेही आधी लिहून घ्या: क्लेम मंजूर झाला तर शून्य, नाही तर ठरलेली रक्कम.

तुमची बाजू कुठे लंगडी पडेल तेही पाहून ठेवा. पहिली सर्व्हिस बहुतेक 20-25 तासांच्या आसपास असते आणि धुळीत किंवा चिखलात वापर असेल तर पुस्तिकेत अंतरं निम्मी केलेली असतात. 212 तासांत तुम्ही स्वतः ऑइल-फिल्टर बदलला असेल तर सामानाची बिलं गोळा करा. न झालेल्या सर्व्हिसचं कागदोपत्री सोंग मात्र आणू नका, तारखा आणि तास जुळवून पाहिले की ते पकडलं जातं आणि खरा मुद्दाही मग कुणी ऐकत नाही. गाडी कधी पर्यटकांना भाड्याने दिली असेल तर बहुतेक पुस्तिकांत तो वापर वॉरंटीबाहेर असतो.

हेच ग्राहक आयोगातही आडवं येतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरणारा मात्र ठरतो. स्वतःच्या वाडीत स्वतः चालवत असाल तर तुमची बाजू चांगली आहे. बिल रिसॉर्टच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर आधी वकिलाला दाखवा.

क्रम असा ठेवा: डीलरला लेखी, मग निर्मात्याच्या किंवा आयातदाराच्या ग्राहक विभागाला तेच कागद जोडून, सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार. पुष्कळ प्रकरणं इथेच "गुडविल" म्हणून निम्म्या खर्चावर मिटतात, आणि सर्व्हिसची नोंद अर्धवट असेल तर तसा तोडगा मी घ्यायला सांगेन. नाही मिटलं तर 15 दिवसांची नोटीस देऊन जिल्हा आयोगात तक्रार. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, तुमच्यासाठी अलिबागलाच. वस्तूची दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, 5 ते 10 लाखांना 200 रुपये. मुदत 2 वर्षांची. ती नकाराच्या नव्हे, इंजिन बंद पडल्याच्या तारखेपासून मोजत राहा. डीलर आणि निर्माता दोघांनाही प्रतिपक्ष करा. दोष तपासणीशिवाय कळणारा नसेल तर आयोग कलम 38 खाली वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तसा अर्ज सुरुवातीलाच द्या. उत्पादनदोषाच्या दाव्यात तज्ज्ञाचा अहवाल नसेल तर तक्रार बहुधा तिथेच अडते. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ऑटोमोबाइलच्या प्राध्यापकाने मापं पाहून सही केलेली दोन पानंही उपयोगी पडतात.

क्लेम मंजूर झाला तर नुसत्या नव्या रिंगांवर समाधान मानू नका. धूळ खाल्लेल्या इंजिनात नवा पिस्टन, नवा किंवा बोअर केलेला सिलिंडर, व्हॉल्व्ह सीट तपासणी, ऑइल पंप आणि क्रँकचं बेअरिंग उघडून पाहणं, ऑइल कूलर असेल तर तो धुणं किंवा बदलणं, आणि नवा बूट, नवे क्लॅम्प हे सगळं जॉब कार्डवर लिहिलेलं हवं. पहिलं ऑइल 5 तासांनी बदलून घ्या आणि गाडी घरी नेण्याआधी बूट उघडून पांढरं कापड त्यातून पुन्हा एकदा फिरवा.