नसबंदीनंतरही बोका दुसऱ्या मांजरावर चढतोय?

घाबरू नकोस, ऑपरेशन फसलं असं लगेच समजू नकोस. हार्मोन उतरलं तरी अंगवळणी पडलेली सवय काही आठवडे टिकते, कधी कायमचीच. माझा बोका घरात पाहुणे आले की धाकट्या मांजरीची मानगूट दातांत धरायचा. पाहुणे गेले की शांत. म्हणजे मूळ ताणात होतं. ओरडू नकोस, मारू तर अजिबात नकोस, ताण वाढतो. त्याच्या शेपटीचं टोक फडफडायला लागलं की लगेच दोरीला बांधलेलं पीस लांब फेक. रोज जेवणाआधी 10-15 मिनिटं खेळवून दमव. मांजरं 2 असतील तर लिटरचे (शी-शूचे) ट्रे 3 ठेव. मात्र तो सारखा खाली चाटतोय, ट्रेमध्ये कुंथूनही लघवी होत नाहीये, असं दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टरकडे ने. बोक्याची लघवी तुंबली की जिवावर बेततं.