साहेबाचा कान कोणाकडं?

वाचकांचे प्रश्न, मास्तरांची उत्तरं

या खेपेला पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज धरून लई प्रश्न आले आणि निम्मे निघाले अमेरिकेवर. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी लोक नदीजोड, जायकवाडीचं पाणी, आरक्षण हेच विचारायचे, अमेरिका म्हणजे ज्याचं पोरगं तिकडं त्यानंच बोलायचा विषय. आता मात्र जिनिंगसमोर ट्रॅक्टर लावून उभा असलेला माणूस वॉशिंग्टनचं नाव काढायला लागलाय. मी राज्यशास्त्राचा रिटायर मास्तर, तीसेक वर्षं पोरांना हेच शिकवलं, तेवढ्या अधिकारात लिहितो.

प्रश्न : सर नमस्कार. मी सेलू तालुक्यातला शेतकरी. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला. टीव्हीवर म्हणायलेत की ट्रम्पच्या लोकांतच एकमत नाही, काहींना भारत पाहिजे, काहींना नको, त्यामुळं लवकर मिटंल. मग कापूस ठेवू का विकू?

दादा, आधी सरळ सांगतो, त्यांच्या भांडणाच्या भरवशावर कापूस ठेवू नका. ठेवायचा तर सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभावाकडं बघून ठेवा, २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० होता. सप्टेंबरच्या पावसानं बोंडं काळी पडलीत, ग्रेडर त्याला किती धरतोय ते बघा, ते तुमच्या हातात आहे.

आता एकमत नाही हे खरंय का? खरंय. २१ जानेवारी २०२५ ला, म्हणजे ट्रम्प यांची शपथ झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, नवे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी पहिलं काम काय केलं तर भारत, जपान, ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना बसवून क्वाडची बैठक घेतली. चीनला आवरायचं तर भारत सोबत पाहिजे, ही तिथल्या परराष्ट्र खात्याची आणि संरक्षण खात्याची वीस-बावीस वर्षांची लाइन आहे, सरकार कोणाचंही असो. ती एक बाजू झाली, आणि त्याच घरात व्यापार सल्लागार पीटर नव्हारो बसलेत, ज्यांना भारत म्हणजे जास्त आयातकर लावणारा आणि रशियाचं तेल घेणारा देश एवढाच दिसतो. ऑगस्टमध्ये तर ते युक्रेनच्या लढाईला ‘मोदींचं युद्ध’ म्हणून मोकळे झाले. ७ ऑगस्टला २५ टक्के, २७ ऑगस्टला तेलाच्या नावानं आणखी २५. जानेवारीत पहिला मान आपल्याला आणि ऑगस्टात सगळ्यात जड दणका बसलेल्यांतही आपणच. या सात महिन्यांत क्वाडवाले सगळे कुठं मेले नव्हते, तिथंच होते, आपापल्या खुर्च्यांवर, पण साहेबाचा कान दुसरीकडं होता.

आणि एक गोष्ट टीव्हीवाले सांगत नाहीत. आपल्या सरकारनं १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचा ११ टक्के आयातकर उठवला, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं, म्हणजे नेमका तुमचा माल बाजारात यायच्या टायमाला. गिरणीवाल्याला परदेशी गाठ स्वस्त पडली तर तो तुमच्याकडं कशाला येतोय. तिकडचं भांडण मिटलं असतं तरी हे इकडचं होतंच.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला एमपीएससीचा अभ्यास करतो. अमेरिकेत परराष्ट्रमंत्री आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार यांत मोठा कोण? पुस्तकात दोघांचं काम सारखंच वाटतं.

पुस्तकात लिहायचं तर परराष्ट्रमंत्री मोठा, मार्क मिळतील. त्याला सिनेटची मंजुरी लागते, त्याच्या हाताखाली सगळ्या वकिलाती. सुरक्षा सल्लागाराला सिनेटची मंजुरी लागत नाही, राष्ट्राध्यक्षांनी नेमला की झाला. १९४७ च्या कायद्यानं राष्ट्रीय सुरक्षा परिषद झाली, तिच्या पोटातनं पुढं हे पद आलं.

पण तू कधी झेडपीत काम घेऊन गेलायस का? तिथं अध्यक्षाच्या केबिनबाहेर जो पीए बसतो, कुठली फाइल वर ठेवायची, कुठली खाली सरकवायची हे त्याच्या हातात असतं, खातेप्रमुख बिचारा सह्यांचा मालक असून त्याच्याशी गोड बोलतो. इथं तसंच. परराष्ट्रमंत्र्याचं ऑफिस वेगळ्या इमारतीत, फॉगी बॉटम म्हणतात त्या भागात, शिवाय वर्षाचे निम्मे दिवस विमानात. सल्लागाराची खोली व्हाइट हाउसमध्येच, राष्ट्राध्यक्षांच्या दारापासून काही पावलांवर, रोज सकाळी तोंड दिसतं ते याचं.

याचं एकच उदाहरण नीट लक्षात ठेव, मुलाखतीत कामाला येईल. जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष, सायरस व्हॅन्स परराष्ट्रमंत्री, झ्बिग्न्येव ब्रेझिन्स्की सल्लागार. व्हॅन्स वकील माणूस, शांत, बोलून मिटवू म्हणणारा, ब्रेझिन्स्की पोलंडमध्ये जन्मलेला, रशियाचं नाव काढलं की भडकणारा. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या वकिलातीत अमेरिकन लोक ओलीस धरले गेले. व्हॅन्स म्हणायचे धीर धरा, ब्रेझिन्स्की म्हणायचे लष्कर पाठवा. ११ एप्रिल १९८० ला बैठक झाली आणि हेलिकॉप्टरनं सोडवून आणायचं ठरलं. त्या बैठकीत परराष्ट्रमंत्री नव्हतेच! चार दिवस सुट्टीवर फ्लोरिडाला गेलते, त्यांच्या जागी त्यांचे उपमंत्री बसलते. परत आले तर ठरून गेलेलं. १५ तारखेला त्यांनी पुन्हा सगळ्यांसमोर विरोध मांडला, कोणीच बाजूनं बोललं नाही. २१ ला राजीनामा दिला, आणि मोहीम जिंकली तरी राजीनामा परत घेणार नाही हेही सांगितलं. २४ एप्रिलला आठ हेलिकॉप्टर निघाली, कमीत कमी सहा लागणार होती, वाळूच्या वादळात आणि बिघाडात पाच उरली, मोहीम रद्द झाली, आणि माघारी निघताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण गेले. २८ ला राजीनामा जाहीर झाला. ओलीस सुटले ते ४४४ दिवसांनी, कार्टर पायउतार झाले त्याच दिवशी.

आमच्याकडं ग्रामसभेचा ठराव नेमका कुणी वावरात गेल्यावर मांडतेत, ते आणि हे यात फरक फक्त हेलिकॉप्टरचा.

प्रश्न : मी नांदेडचा, रिटायर एसटी कंडक्टर. १९७१ ला अमेरिकेनं आपल्यावर आरमार सोडलं हे आमच्या पिढीला पाठ आहे. पण तिकडं आत कोणीच आपल्या बाजूनं बोललं नाही का?

काका, तुमच्या या प्रश्नासाठी मी सगळा रकाना दिला असता. मी तेव्हा तिसरीत. आमच्या गावात एकच रेडिओ, तो पारावर आणून ठेवायचे, आणि डिसेंबरात ‘सातवं आरमार निघालं’ म्हणल्यावर एका म्हाताऱ्यानं गंभीरपणे विचारलं होतं की ते गोदावरीतून वर येतंय का. हसलं कोणीच नाही.

बोलले ना, आणि लई जोरात बोलले. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्करानं ढाक्यात कत्तल सुरू केली. तिथं अमेरिकेचा कॉन्सुल जनरल होता आर्चर ब्लड. त्यानं आधी वॉशिंग्टनला कळवलं की इथं निवडून निवडून वंशसंहार चाललाय. उत्तर नाही. मग ६ एप्रिलला त्याच्या ऑफिसातल्या आणि आसपासच्या २० अमेरिकन अधिकाऱ्यांनी सह्या करून तार पाठवली, की आमच्याच सरकारचं धोरण आम्हाला मान्य नाही, नैतिकदृष्ट्या हे दिवाळखोर धोरण आहे. ब्लडनं ती पुढं धाडली, वर आपला पाठिंबाही लिहिला. सरकारी नोकरीत राहून असं लिहायला काय लागतं ते तुम्हाला मी काय सांगू, आपल्याकडं डेपो मॅनेजरविरुद्ध अर्जावर सही करायची तर माणूस आधी पेन हरवतो. दिल्लीतले त्यांचे राजदूत केनेथ कीटिंग हेही उघड विरोधात होते, आणि ते राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याच पक्षाचे माजी सिनेटर.

झालं काय, तर ब्लडला ढाक्यातून परत बोलावलं आणि धोरण तसंच राहिलं. का, हे तेव्हा त्या वीस जणांनाही ठाऊक नव्हतं. निक्सन आणि त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांना चीनचं दार उघडायचं होतं आणि ते दार पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांच्या हातून उघडत होतं. जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानात आले, पोट बिघडलंय, नथियागलीला आराम करतो असं सांगितलं आणि गुपचूप विमानानं पेकिंगला जाऊन आले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांनाही नीट कळालं ते अगदी शेवटी. ज्याच्या खात्याचं काम त्यालाच पत्ता नाही! मग ढाक्याची तार वाचून रॉजर्स यांच्या खात्यातली माणसं हळहळली काय आणि न हळहळली काय.

अजून गंमत ऐका. किसिंजर सगळ्यांपासून लपवत होते म्हणून लष्करवाले गप्प बसले होते असं नाही. नौदलाचा एक कारकून किसिंजरच्या सोबत दौऱ्यावर जायचा आणि त्यांच्या बॅगेतले कागद गुपचूप कॉपी करून लष्करी मुख्यालयात पोचवायचा. स्वतःच्याच सरकारवर हेरगिरी. हे उघड झालं कशामुळं, तर पत्रकार जॅक अँडरसन यांनी डिसेंबरात आतल्या बैठकींची टिपणं छापली, त्यात किसिंजर सांगतायत की राष्ट्राध्यक्षांना पाकिस्तानकडं कल पाहिजे, आणि हे कागद फुटले कुठून याचा तपास करताना तो कारकून सापडला. अँडरसन यांना पुढं पुलित्झर मिळालं. त्या आरमारातलं विमानवाहू जहाज ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागरात पोचतंय न पोचतंय तोच १६ डिसेंबरला ढाका पडलं.

म्हणजे काका, आपल्या बाजूचे होते, पण ज्या खोलीत ठरत होतं त्या खोलीत नव्हते.

प्रश्न : मी अंबाजोगाईला शिक्षिका आहे. पटत नसेल तर हे मंत्री राजीनामा का देत नाहीत? मनाविरुद्ध खोटं का बोलतात?

ताई, देतात, पण मोजून. परराष्ट्रमंत्र्यानं तत्त्वावर राजीनामा दिल्याचं व्हॅन्सच्या आधीचं उदाहरण शोधायला १९१५ पर्यंत मागं जावं लागतं, विल्यम जेनिंग्ज ब्रायन. अलीकडं संरक्षणमंत्री जिम मॅटिस यांनी डिसेंबर २०१८ मध्ये दिला, ट्रम्प यांनी सिरियातून सैन्य काढतो म्हणल्यावर.

तुमच्या मनात बुश यांचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल असणार. इराकवर हल्ला करायला हा माणूस आतून नाखूश होता, ऑगस्ट २००२ मध्ये बुश यांना समोर बसून सांगितलं होतं की देश मोडला तर तो आपल्याच गळ्यात पडंल. उपराष्ट्राध्यक्ष चेनी आणि संरक्षणमंत्री रम्सफेल्ड दुसऱ्या बाजूला. आणि शेवटी ५ फेब्रुवारी २००३ ला युनोत जाऊन, हातात छोटी बाटली धरून, इराककडं घातक शस्त्रं आहेत हे जगाला पटवून कोणी सांगितलं तर पॉवेल यांनीच. त्यांनाच का पाठवलं? कारण लोकांचा विश्वास त्यांच्यावर होता. शस्त्रं निघाली नाहीत, आणि नंतर ते स्वतःच म्हणाले की हा माझ्या नावावरचा डाग आहे. माझं मत विचाराल तर ते फौजी होते, हुकूम पाळायची सवय रक्तात, आणि आत राहून थोडं तरी सावरू असं वाटलं असंल. पण मे २००३ मध्ये इराकचं अख्खं सैन्य बरखास्त करायचा हुकूम निघाला तेव्हा त्यांना विचारलंही नव्हतं. मग काय सावरलं आत राहून?

त्याच वेळी अमेरिकेच्या अथेन्समधल्या वकिलातीतल्या जॉन ब्रेडी कीसलिंग यांनी मात्र युद्धाआधीच नोकरी सोडली. नाव किती जणांना माहितीये सांगा.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका गावचा सरपंच. बॉडीत मतभेद असले की कारभार बसतोच का?

सरपंचसाहेब, नाही. ऑक्टोबर १९६२, क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं. केनेडींच्या टीममध्ये दोन तट, एक म्हणे बॉम्ब टाका, एक म्हणे समुद्रात नाकेबंदी करा. केनेडी अधूनमधून बैठकीतनं मुद्दाम उठून जायचे, कारण साहेब समोर असला की सगळे साहेबाच्या मनातलं बोलतेत. तेरा दिवसांत मिटलं. तुम्हीबी करून बघा, फक्त उपसरपंचाला सांगून जा.

उलटं उदाहरण राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं. शुल्ट्झ परराष्ट्रमंत्री, वाइनबर्गर संरक्षणमंत्री, दोघांचं एकमेकांशी जमायचं नाही, पण इराणला चोरून शस्त्रं विकायला दोघांचाही विरोध. दोन मोठे मंत्री एकदाच एका मताचे झाले, आणि तरी व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्टाफनं तो धंदा केलाच. १९८६ मध्ये लेबनॉनच्या एका मासिकानं छापलं तेव्हा जगाला कळालं.

प्रश्न : आता रुबिओ परराष्ट्रमंत्रीही आहेत आणि सुरक्षा सल्लागारही. मग भांडण संपलं ना? (जालना)

दोन्ही खुर्च्या एका माणसाकडं असणं किसिंजर यांच्यानंतर आत्ताच, त्यांच्याकडं १९७३ ते ७५ होत्या, मग फोर्ड यांनी एक काढून घेतली. रुबिओ यांच्याकडं दुसरी आली ती मे २०२५ मध्ये माइक वॉल्ट्झ गेल्यावर. हे तेच वॉल्ट्झ, ज्यांनी मार्चमध्ये येमेनवरच्या हल्ल्याच्या, सिग्नल नावाच्या मेसेज ॲपवरच्या ग्रुपमध्ये चुकून एका संपादकाला ॲड केलं. भावकीच्या ग्रुपमध्ये व्याह्याला ॲड करावं तसं. त्यामुळंच तर कळालं की उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स यांना (वरचे सायरस वेगळे, हे जेडी) तो हल्ला तेव्हा करणं चूक वाटत होतं, कारण सुएझ कालव्याचा फायदा युरोपला जास्त. हल्ला झाला तो झालाच.

आणि दोन खुर्च्या एकाकडं आल्या म्हणून नव्हारो कुठं गेलेत? तो ५० टक्क्यांचा टॅरिफ त्या दोन्ही खुर्च्या एकत्र झाल्यानंतरच लागला.

पुढच्या अंकासाठी प्रश्न महिनाअखेरपर्यंत पाठवा, अक्षर जरा मोठं काढा. आणि सेलूचे दादा, कापूस कितीला गेला ते तेवढं कळवा.