शोरूममध्ये झगझगीत, घरी मात्र फिका

तुमचं म्हणणं असं की 55 इंची फोरके एलईडी टीव्ही दुकानात झकास दिसला, पण घरी आल्यावर रात्रीच्या प्रसंगांत काळा रंग राखाडी दिसतो, मालिका धुरकट वाटतात. बदलून घ्यावा का? लगेच निर्णय घेऊ नका, आधी टीव्ही नीट तपासा.

दुकानात टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर असतो, त्यावर खास फोरके चित्रफीत चालू असते आणि वर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. तिथे काळ्याचा कस लागतच नाही. घरी मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा, कलर 'वॉर्म' करा, शार्पनेस उतरवा, वीजबचत बंद करा. सुरुवातीला चित्र पिवळसर वाटेल. निळसर पांढऱ्याला सरावलेल्या डोळ्यांना आठवडाभर वेळ द्या.

मग रात्री दिवे मालवून एखादा अंधारातला प्रसंग लावा. अशा टीव्हींत सगळ्यात मोठा फरक पॅनेलचा, म्हणजे पडद्याच्या प्रकाराचा पडतो, आणि खोक्यावर तो बहुधा लिहिलेलाच नसतो. आयपीएस आणि व्हीए हे त्याचे दोन मुख्य प्रकार. आयपीएस पॅनेलचा मूळ कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ दिसतो ते प्रमाण, साधारण 1000:1 असतो, व्हीएचा 3000:1 किंवा त्याहून जास्त. तुमचा राखाडी काळा बहुतेक आयपीएसमुळे असेल. तसं असेल तर सेटिंग बदलून तो फारसा सुधारणार नाही.

पण व्हीए सरसकट चांगला असंही नाही. आमच्या घरी आई खिडकीजवळच्या खाटेवरून, अगदी तिरकी बसून टीव्ही बघते. तिच्या जागेवरून व्हीएवरचे चेहरे पांढुरके दिसायचे, म्हणून आम्ही मुद्दाम आयपीएस घेतला. मी समोर बसतो, मला काळा थोडा फिका दिसतो, पण ती दिवसभर बघते आणि मी रात्री तासभर. मला हा सौदा योग्यच वाटतो.

मालिकांचा धुरकटपणा बऱ्याचदा टीव्हीचा नसतोच. एसडी, म्हणजे एचडी नसलेल्या साध्या चॅनेलचं चित्र 720 × 576 पिक्सेलचं, तुमचा पडदा 3840 × 2160 चा, म्हणजे वीसपट. वीसातले एकोणीस पिक्सेल टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. तोच कार्यक्रम एचडी चॅनेलवर लावून बघा.

एचडीआरच्या, म्हणजे जास्त लख्ख उजेड आणि गडद अंधार एकत्र दाखवणाऱ्या चित्राच्या, शिक्क्यावर भिस्त ठेवू नका. तो सिग्नल टीव्हीला कळतो, एवढाच त्याचा अर्थ. 300 निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास उजेड असलेल्या पडद्यावर एचडीआरची खरी चमक उतरत नाही.

क्रिकेट मात्र जरूर लावा. चेंडूमागे कॅमेरा धावताना हिरव्या मैदानावर उभे काळपट पट्टे सरकताना दिसतात का? थोडेफार बहुतेक टीव्हींत असतात. पण सामना बघताना नजर सारखी तिकडेच जात असेल, तर तो नगाचा दोष आहे. त्याच मॉडेलचा दुसरा नग स्वच्छ निघू शकतो. अशा वेळी व्हिडिओ काढा आणि बदलून देण्याची मुदत संपायच्या आत दुकानात जा. काळा राखाडी दिसतो म्हणून बदलणार असाल, तर तेच मॉडेल पुन्हा घेऊ नका.